डझनात अकरा

शनिवारी संध्याकाळी, वेदीमागच्या खोलीत
मी पावाच्या कडा कापते.
पाव कालचा लागतो.
ताजा सुरीखाली दबतो, चौकोन नीट पडत नाहीत.
काळी मनुकं उकळून गाळलेला रस
अंगठ्याएवढ्या पेल्यांत ओतते.
पेल्यांचं काम माझ्याकडे वीस वर्षं आहे,
कारण दुर्कसबाईंची मोजणी चुकत नाही,
असं पाळकसाहेब सगळ्यांना सांगतात.

चुकत नाही, हे खरं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मी टॉवेल मोजायची.
बायका घरून किनार शिवून आणायच्या,
मी अंगठ्यानं घड्या उलटत जायची
आणि पोषम्मा चिट्यालच्या डझनात
अकरा लिहायची.
तिला तेलुगू वाचता यायचं. वही मराठीत होती.
बारावा चढायचा माझ्या भावजयीच्या नावावर,
जिनं उभ्या जन्मात सुई धरली नाही.
चार वर्षं.
उपाशी होतो, असंही नाही.
मुलाला एक घड्याळ आलं त्यातून,
ते अजून चालतं.

दुर्कस हे नाव वडिलांनी हौसेनं ठेवलेलं.
ती दुर्कस गेली तेव्हा विधवा रडत रडत
तिनं शिवलेले अंगरखे दाखवत होत्या म्हणे.
मी गेले तर पोषम्मा काय दाखवील?
हात दाखवील.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट फिरतं.
माझ्यापाशी आलं की मी पुढं सरकवते, वाढपिणीसारखी.
लोकांना वाटतं, बाई नम्र आहे,
मागच्या खोलीत शेवटी घेत असेल.
मागच्या खोलीत मी उरलेला चुरा
चिमण्यांना टाकते.

रडले नाही असं नाही.
गुडघे टेकून, नाक पुसून, रात्र रात्र रडले.
रडणं स्वस्त पडतं.
देवाला माझा पत्ता ठाऊक होता,
मला पोषम्माचा.

पश्चात्ताप म्हणजे माघारी वळणं, पाळक म्हणतात.
विडी घरकुलाच्या त्या गल्लीत मी तीनदा वळले,
तिन्ही वेळा रिक्षाकडं.
चौथ्यांदा तिनंच पाहिलं.
"उभी का ऱ्हायलीस? ये की आत."
मांडीवर सूप, सुपात ओली पानं, हातात कात्री.
सुईत दोरा दिसेना झाल्यापासून ती विड्या वळते.

मी आकडा सांगितला. सहा हजार चारशे.
कुठून आला तेही सांगितलं, भावजयीचं नाव घेऊन.
कात्री थांबली नाही.
"ठाव हुतं मला," ती म्हणाली.
"बाराव्याच्या किनारीला लाल टाका घालायची मी.
बघितलीस नाही का कधी?"

बघितला होता. दर गठ्ठ्यात.
मला वाटायचं, पांढरा दोरा संपला असेल तिचा.

नोटा तिनं दोनदा मोजल्या, थुंकी लावून.
माफ केलं, असं काही म्हणाली नाही.
"आन् ते चार वर्षं?" एवढंच म्हणाली,
आणि त्याला माझ्याकडं आकडा नव्हता.

मग जेवायची वेळ झाली म्हणून
तिनं डब्यातली कडक भाकरी काढली,
काडकन मोडली,
अर्धी माझ्या पुढ्यात सरकवली, न बघता.
वर शेंगाचटणी. तांब्यात पाणी.
त्या भाकरीच्या कडा कुणी कापलेल्या नव्हत्या.
टाळ्याला टोचल्या.
मी सावकाश चावत राहिले, बराच वेळ,
आणि शेजारी कात्री
पुन्हा सुरू झाली.

उद्या पहिला रविवार.
पेले धुऊन पालथे घातलेत, पुसायचे आहेत.
आज मोजताना पहिल्यांदाच
माझा एक धरला
आणि मोजणी दोनदा चुकली.